धूर स्कॉटलंडचा, गोडवा स्पेनचा

सीन ओळखीचा आहे. ऑफिसमधलं कोणीतरी ऑनसाइटहून परत आलेलं असतं. शनिवारी रात्री त्याच्या फ्लॅटवर मंडळी जमतात, ड्यूटी-फ्रीची पिशवी उघडते आणि टेबलावर अशी एक बाटली येते, जिचं नाव कोणालाच धड वाचता येत नाही. पहिला भिडू घोट घेतो आणि तोंड वाकडं करतो, ‘अरे, हे तर डेटॉल आहे!’ दुसरी म्हणते, ‘डेटॉल कसलं? आयोडेक्स!’ कोपऱ्यातला तिसरा मात्र अजून एक घोट घेतो, जरा थांबतो आणि म्हणतो, ‘एक मिनिट… मागून खजूर येतोय रे.’

आजचा कॉलम त्या तिसऱ्यासाठी. आणि पहिल्या दोघांसाठीसुद्धा, कारण चुकलेलं कोणीच नाही.

त्या बाटलीवर दोन शब्द असणार : ‘पीटेड’ आणि ‘शेरी कास्क’. पहिल्यातून डेटॉल आलं, दुसऱ्यातून खजूर. एक चव स्कॉटलंडच्या दलदलीतली, दुसरी स्पेनच्या रणरणत्या उन्हातली. आणि गंमत म्हणजे यातली एकही चव कोणी चवीसाठी शोधून काढलेली नाही. एक होती जळणाची अडचण, दुसरी होती पिंपांची काटकसर! आज ज्याला आपण ‘प्रीमियम’ म्हणतो आणि ज्यासाठी पगाराचा लचका तोडतो, ते मुळात हाताशी असेल त्यात भागवणाऱ्या माणसांचं शहाणपण होतं. हे एकदा कळलं की लेबल वाचायची नजर बदलते. आपण नेमके कशाचे पैसे मोजतोय, तेही कळतं.

आयला, काय धूर आहे!

आधी थोडा भूगोल. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एक बेट आहे. स्पेलिंग बघून बरेच जण ‘इस्ले’ म्हणतात. खरा उच्चार ‘आयला’. हो, आपलं तेच ‘आयला’! मराठी माणसाला एवढी सोपी स्कॉच जगात दुसरी नाही.

लोकवस्ती जेमतेम तीन हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या टाउनशिपमध्ये सगळं बेट मावेल. पण त्या तेवढ्याशा जागेत दहा-एक डिस्टिलऱ्या आहेत. दक्षिण किनाऱ्यावरच्या लाफ्रॉइग, लागाव्हूलिन आणि आर्डबेग या तिघी तर एकाच रस्त्यावर, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. धुरकट व्हिस्कीच्या दुनियेतली ही पेठच म्हणा ना.

आता हा धूर येतो कुठून? व्हिस्कीची सुरुवात होते बार्लीपासून. बार्ली भिजवायची, मग तिला मोड आणायचे, अगदी आपण मटकीला आणतो तसे. मोड आले की दाण्यातल्या पिठाची साखर होण्याची तयारी होते. पण मोड वाढत गेले तर ती साखर कोंबच खाऊन टाकणार. म्हणून योग्य वेळी दाणे भट्टीत वाळवून मोड थांबवायचे. वाळवायला जळण हवं. आणि इथेच आयलाची खरी अडचण होती. बेटावर झाडं कमी, कोळशाच्या खाणी नाहीत, कोळसा आणायचा तर बोटीने, आणि तो महाग.

होतं काय? पीट! पीठ नव्हे, पीट. दलदलीत शेवाळ, गवत, झुडपं वर्षानुवर्षं अर्धवट कुजत, दबत जाऊन जो काळा चिकट थर तयार होतो, तो म्हणजे पीट. लांब फावड्याने त्याच्या विटा कापायच्या, उन्हावाऱ्यात सुकवायच्या आणि जाळायच्या. आपल्याकडे गोवऱ्या थापतात, तिथे पीट कापतात. स्वयंपाक त्याच्यावर, घराची ऊब त्याच्यावर आणि बार्ली वाळवणंही त्याच्यावर. पीट धगधगत कमी आणि धुमसत जास्त जळतं. तो धूर ओलसर दाण्यांच्या सालीला चिकटतो तो चिकटतोच. पुढे दाणे दळले, आंबवले, अर्क काढला, वर्षानुवर्षं पिंपात ठेवला, तरी तो पाठ सोडत नाही. डाळीच्या पातेल्यात निखाऱ्यावर तूप सोडून झाकण लावतात, त्या धुंगारासारखंच. फक्त इथे धुंगार शेवटी नाही, अगदी सुरुवातीला!

मग स्कॉटलंडच्या इतर भागांतली व्हिस्की एवढी धुरकट का नाही? कारण एकोणिसाव्या शतकात मुख्य भूमीवर रेल्वे पसरली, तिच्यासोबत कोळसा पोचला आणि तिथला धूर हळूहळू कमी झाला. बेटांवर तो राहून गेला. थोडक्यात, जी चव आज ‘कॅरेक्टर’ म्हणून विकली जाते, ती रेल्वे न पोचल्याची खूण आहे.

पीपीएमचा फंडा

धूर मोजायचं एक माप आहे, पीपीएम. धुरातल्या फिनॉल नावाच्या रसायनांचं दशलक्ष भागांतलं प्रमाण. लागाव्हूलिनच्या बार्लीचा आकडा साधारण 35, आर्डबेगचा 55 च्या आसपास. त्याच बेटावरची ब्रुइकलॅडी डिस्टिलरी ‘ऑक्टोमोर’ नावाची व्हिस्की काढते. 2017 मधल्या तिच्या एका बाटलीच्या बार्लीचा आकडा होता 309!

आता पार्टीत हा आकडा फेकून भाव खाणारे भरपूर भेटतात. त्यांना शांतपणे एवढंच सांगा : बॉस, हा आकडा बार्लीचा आहे, बाटलीचा नाही. अर्क काढताना कुठला भाग ठेवायचा आणि कुठला सोडायचा, यावर निम्मी लढाई ठरते. पुढे पिंपात वर्षं जातात तसा धूरही विरत जातो. त्यामुळे 309 वाली व्हिस्की 55 वालीच्या सहापट धुरकट लागत नाही. हा आकडा म्हणजे मोबाइल कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलसारखा. मोठा असला की छान वाटतं, फोटो चांगला येईलच असं नाही.

उसनं पिंप

आता दुसरा शब्द, शेरी. स्पेनच्या दक्षिण टोकाला आंदालुसिया प्रांतात हेरेथ नावाचं शहर आहे. अरबांच्या काळात त्याचं नाव होतं ‘शेरीश’. इंग्रजांनी त्याचं करून टाकलं ‘शेरी’. इथली वाइन बनवताना तिच्यात द्राक्षाचाच कडक अर्क घालतात, म्हणून ती नेहमीच्या वाइनपेक्षा जास्त टिकते.

शेरीचे प्रकार बरेच, पण व्हिस्कीच्या लेबलवर मुख्यतः दोन दिसतात. ओलोरोसो म्हणजे शब्दशः सुवासिक. ही पिंपात हवेच्या संगतीने मुरते, रंग गडद होतो आणि अक्रोड, सुकामेवा, जुन्या लाकडी कपाटाचा वास येतो. चवीला मात्र ती कोरडी असते, गोड नाही. दुसरी पेद्रो हिमेनेथ, लाडाने ‘पीएक्स’. या द्राक्षांना आधी उन्हात पसरून जवळजवळ मनुका करतात, मग रस काढतात. ती काकवीसारखी दाट आणि गोड. तिसऱ्या भिडूला जो खजूर लागला, तो बहुतेक हिच्याकडून आलेला.

पण स्पेनची वाइन आणि स्कॉटलंडची व्हिस्की यांची गाठ पडली कशी? इंग्रजांना शेरी प्रचंड आवडायची. जहाजं भरभरून शेरी लाकडी पिंपांतून ब्रिस्टल, लंडन, लीथ या बंदरांत उतरायची. तिथे ती बाटल्यांत भरली की उरायची रिकामी पिंपं. ती परत स्पेनला पाठवायची तर भाडंच अंगावर यायचं. स्कॉटलंडच्या व्हिस्कीवाल्यांना पिंपं हवीच होती, आणि ही दणकट, ओकच्या लाकडाची, स्वस्तात मिळणारी! त्यांनी ती उचलली. आपल्या आज्या बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा ठेवायच्या, तसला हा व्यवहार. पण नंतर लक्षात आलं की लाकडात मुरलेली वाइन आत ठेवलेल्या व्हिस्कीला रंगही देते आणि चवही. काटकसरीला चव लागली ती अशी.

अमेरिकन बर्बनचं पिंपही याच हिशेबाने आलं. तिकडच्या नियमानुसार बर्बन मुरवायला नवं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. म्हणजे एकदा वापरलं की बर्बनवाल्याला ते निरुपयोगी. आज स्कॉचची बहुतेक पिंपं बर्बनचीच असतात. साधारण 200 लिटरचं ते पिंप व्हॅनिला, मध, नारळ असल्या चवी देतं. शेरीचं ‘बट’ त्याच्या अडीचपट, 500 लिटरच्या आसपास. ते देतं मनुका, अंजीर, संत्र्याची साल, दालचिनी.

‘शेरी कास्क’ म्हणजे नक्की काय?

इथे जरा कान टवकारा, कारण तुमच्या पैशांचा प्रश्न आहे.

शेरीची वाहतूक करणारी ती जुनी पिंपं आता मिळत नाहीत. 1980 च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करायची असं ठरलं आणि पिंपांची ये-जा थांबली. दरम्यान शेरी पिणारेही कमी झाले होते. म्हणजे व्हिस्कीवाल्यांचा फुकटा मामा गेला! त्याआधी काही जण एक शॉर्टकट मारायचे : जुन्या, दमलेल्या पिंपात ‘पाक्सारेत’ नावाची दाट गोड वाइन दाबून भरायची, म्हणजे पिंप पुन्हा ‘शेरीचं’ होतं. 1990 च्या आसपास तेही बंद पडलं.

मग आज बाजारात इतक्या शेरी कास्क व्हिस्क्या येतात कशा? ऑर्डर देऊन! व्हिस्की कंपन्या स्पेनमध्ये नवी पिंपं बनवून घेतात, त्यांत वर्ष-दोन वर्षं शेरी भरून ठेवतात आणि मग ती रिकामी करून स्कॉटलंडला आणतात. याला म्हणतात ‘सीझनिंग’. नव्या लोखंडी तव्याला तेल पाजून तयार करतो ना, तसंच. हेरेथची शेरी नियामक संस्था अशा पिंपांना प्रमाणपत्रही देते. त्यासाठी किमान एक वर्ष शेरी आत राहिलेली असावी लागते. आत भरलेली वाइन पुढे बहुधा पिण्यासाठी विकली जात नाही. तिचा व्हिनेगर होतो, नाहीतर ती पुन्हा पिंपं सीझन करायला वापरतात.

म्हणजे चक्र पूर्ण उलटं फिरलं. एके काळी पिंप होतं वाइनसाठी, व्हिस्कीला मिळायचं ते उरलंसुरलं. आज वाइन बनते पिंपासाठी! साहजिकच हे पिंप बर्बनच्या पिंपाच्या कित्येक पट महाग पडतं, आणि ती किंमत शेवटी तुमच्या बिलावर येते.

यात फसवणूक आहे का? नाही. चांगलं सीझन केलेलं पिंप उत्तम व्हिस्की देतं. पण ‘शेरी कास्क’ वाचून शंभर वर्षं जुन्या तळघरातलं कोळिष्टकं लागलेलं पिंप डोळ्यांसमोर आणू नका. विकणाऱ्याला तुमच्या डोळ्यांसमोर तेच चित्र हवं असतं.

दोन दादा एका घरात

आता मुख्य मुद्दा. धूर हा दादा माणूस, शेरी हीसुद्धा दादा. दोघांना एका बाटलीत ठेवलं तर? बऱ्याचदा भांडणच होतं. शेरी जास्त झाली तर धुराचा जळका, चिकट पाक होतो. धूर जास्त झाला तर महागडी शेरी कुठे गेली, पत्ताच लागत नाही. त्यात कधी रिकामी पिंपं खराब होऊ नयेत म्हणून आत गंधक जाळलेलं असतं. त्याचा विझलेल्या काडीसारखा वास राहून गेला, तर पार्टीचा विचका. म्हणून ही जोडी जमवायच्या तीन पद्धती आहेत. तिन्हींचं एकेक उदाहरण बघू.

पहिली पद्धत, शेवटी शिंपण. लागाव्हूलिनची ‘डिस्टिलर्स एडिशन’ घ्या. व्हिस्की आधी नेहमीच्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरते आणि शेवटचा काही काळ पीएक्सच्या पिंपात जाते. याला म्हणतात ‘फिनिश’. धूर पुढे, गोडवा पाठीमागून. नवख्याला ही सगळ्यात सोपी वाट.

दुसरी पद्धत, मिसळण. आर्डबेगची ‘ऊगादाल’. डाळीशी काही संबंध नाही! डिस्टिलरीला ज्या तळ्याचं पाणी येतं, त्याचं हे नाव. यात बर्बनच्या पिंपांत मुरलेली आणि शेरीच्या पिंपांत मुरलेली व्हिस्की वेगवेगळी वाढवून मग एकत्र करतात. 54.2 टक्के अल्कोहोल, म्हणजे दणका आहे. पण नाकाला आधी चुलीचा धूर, मग मनुका, मग कॉफी… एकेक पायरी उतरत गेल्यासारखं वाटतं. ही बाटली 2003 मध्ये आली आणि जिम मरे यांच्या 2009 च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये जगातली त्या वर्षीची सर्वोत्तम ठरली. हीच आर्डबेग 1981 ते 1989 चक्क बंद होती. धुरकट व्हिस्की कोणाला नको होती, मागणीपेक्षा माल जास्त झाला होता. 1997 मध्ये ग्लेनमोरांजीने ती विकत घेतली म्हणून वाचली. शेजारची पोर्ट एलन 1983 मध्ये बंद पडली, ती पुन्हा सुरू व्हायला 2024 उजाडलं. म्हणजे आज ज्याच्यामागे सगळे धावतात, ते कालपर्यंत भंगारात निघालं होतं. फॅशनचं असंच असतं!

तिसरी पद्धत, पूर्ण संसार. पहिल्या दिवसापासून शेरीच्याच पिंपात. किलहोमन ही आयलावरची शेतावरची छोटी डिस्टिलरी, 2005 मध्ये सुरू झालेली. तिची ‘लॉख गॉर्म’ सबंध ओलोरोसोच्या पिंपांत मुरते. 46 टक्के. इथे दोन दादा समोरासमोर बसतात. जमलं तर झक्कास, नाहीतर जड. ही पहिली बाटली म्हणून घेऊ नका, तिसरी म्हणून घ्या.

आणि आयलाचा डेटॉल मुळीच झेपत नसेल तर? उत्तरेला ऑर्कनी बेटांवर हायलंड पार्क आहे. तिथल्या पीटमध्ये हेदर नावाच्या रानफुलाच्या झुडपांचा अंश जास्त, त्यामुळे धूर मऊ आणि किंचित फुलांच्या वासाचा. शेरीची पिंपं तिथे मुक्तहस्ताने वापरतात. या गल्लीत शिरायला हे दार चांगलं.

आपल्याकडे काय?

आपणही मागे नाही बरं का! बंगळुरूच्या अमृतची ‘फ्यूजन’ भारतीय बार्ली आणि स्कॉटलंडची पीटेड बार्ली एकत्र करून बनते. जिम मरे यांच्या 2010 च्या पुस्तकात ती जगात तिसरी आली आणि भारतीय व्हिस्कीला हसणारे गप्प झाले. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन आहे. त्यांच्या ‘बोल्ड’साठी पीट येतं थेट आयलाहून! आणि आजच्या विषयाला अगदी चपखल बसणारी बाटली हरियाणाची : इंद्रीची 2023 ची ‘दिवाली कलेक्टर्स एडिशन’. पीटेड, आणि पीएक्स शेरीच्या पिंपांत मुरवलेली. ऑगस्ट 2023 मध्ये तिला ‘व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड’ स्पर्धेत ‘बेस्ट इन शो’ मिळालं.

फक्त एक हिशेब लक्षात ठेवा. पिंपातून दरवर्षी थोडी व्हिस्की उडून जाते. तिला म्हणतात ‘देवदूतांचा वाटा’. स्कॉटलंडच्या थंडीत तो साधारण 2 टक्के, गोव्याच्या उकाड्यात 8 टक्क्यांच्या आसपास. गुणाकार करून बघा : स्कॉटलंडमध्ये 16 वर्षांत पाव हिश्श्याहून थोडं जास्त उडतं, गोव्यात सहाच वर्षांत 40 टक्के. आपले देवदूत जरा जास्तच तहानलेले! पण त्याच उष्णतेने व्हिस्की लाकडातली चवही पटापट ओढते. म्हणून आपल्याकडच्या बाटलीवर ‘16 वर्षं’ शोधू नका आणि ते नाही म्हणून नाकही मुरडू नका.

लेबल वाचा, मग पाकीट काढा

दुकानात उभे असाल तेव्हा चार गोष्टी बघा.

एक, रंग. गडद तपकिरी रंग दिसला की ‘वा, काय शेरी आहे!’ असं म्हणू नका. स्कॉचमध्ये कॅरमलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे. बाटलीवर ‘नॅचरल कलर’ लिहिलं असेल तरच रंगावर विश्वास ठेवा.

दोन, क्रियापद. ‘मॅच्युअर्ड’ लिहिलंय की ‘फिनिश्ड’? पहिल्यात मुक्काम असतो, दुसऱ्यात शेवटची भेट. चांगल्या दोन्ही असू शकतात, पण दोन्हींची किंमत सारखी लावली असेल तर विचार करा.

तीन, टक्के. कायद्याने किमान 40 लागतात. 46 किंवा त्याहून जास्त असेल तर बहुधा ती फार गाळलेली नसते. धूर आणि शेरी दोन्ही पेलायला एवढा दम लागतोच.

चार, वय. नियमाप्रमाणे स्कॉच किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात हवी. वयाचा आकडा लिहिला असेल तर तो बाटलीतल्या सगळ्यात लहान व्हिस्कीचा असतो. पण पीटेडच्या बाबतीत जास्त वय म्हणजे जास्त चांगलं, हे गणित चालत नाही. वय वाढतं तसं लाकूड वाढतं आणि धूर उतरतो. धूर हवा असेल तर तरुण बाटली घ्या आणि उरलेले पैसे वाचवा.

किमतीचं म्हणाल, तर तिच्यातला मोठा भाग कराचा. महाराष्ट्राने नोव्हेंबर 2021 मध्ये आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क 300 टक्क्यांवरून 150 वर आणलं, तेव्हा फरक दिसला होता. जुलै 2025 मध्ये भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात आयात शुल्क 150 वरून 75 टक्के आणि पुढे दहा वर्षांत 40 टक्क्यांपर्यंत आणायचं ठरलंय. आणि हो, महाराष्ट्रात हार्ड ड्रिंकसाठी वयाची 25 पूर्ण लागतात, परवानाही लागतो. कॉलेज नुकतंच संपवून जॉइन झालेल्यांनी हा अंक जपून ठेवावा!

थोडं पाणी, थोडा धीर

प्यायची कशी? कोला नको, सोडा नको. या बाटलीत बर्फाचा डोंगरही नको. गारठ्याने गोडवा झोपतो आणि उरतो नुसता डेटॉल. वरती निमुळता होणारा ग्लास घ्या, 30 मिलि पुरे. आधी दहा मिनिटं नुसती ठेवा. नाक ग्लासात खुपसू नका, जरा वर धरा.

मग थेंबभर पाणी घाला. ‘पाणी घालणं म्हणजे गावठीपणा’ म्हणणारे सगळीकडे असतात. त्यांच्यासाठी एक विज्ञान. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी कॉम्प्युटरवर ग्वायकॉलचा अभ्यास केला. ग्वायकॉल म्हणजे धुरकट वासाचा एक मुख्य रेणू. त्यांना दिसलं की अल्कोहोल 59 टक्क्यांच्या वर असेल तर हा रेणू अल्कोहोलच्या गर्दीत आतच अडकतो. पाणी मिसळून प्रमाण 45 टक्के किंवा त्याखाली आणलं की तो पृष्ठभागाकडे येतो, म्हणजे तुमच्या नाकाजवळ! ऊगादालसारख्या 54 टक्क्यांच्या व्हिस्कीत चमचाभर पाणी म्हणूनच कमाल करतं.

सोबत काय? तिखट फरसाण आणि चकली बाजूला ठेवा, जीभ भाजली की शेरी गेली. खारे काजू, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, खजूर किंवा कडू डार्क चॉकलेट मस्त जमतं. सामिष खाणाऱ्यांनी निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील एकदा करून बघावा. धूर, मीठ आणि समुद्र, आयलाच्या चवीत हे तिन्ही आधीपासून आहेत.

घोटामागची वर्षं

जाता जाता एक गोष्ट. दलदलीत पीट साधारण वर्षाला एक मिलिमीटर वाढतं. म्हणजे सत्तर सेंटिमीटर खोल फावडं गेलं, तर तळाशी निघणारी वीट सातशे वर्षांपूर्वीची. आपल्याकडे देवगिरीवर यादवांचं राज्य मावळत होतं, तेव्हा तिकडे उगवलेलं शेवाळ! ते एका दुपारी भट्टीत जळून जातं. पीटची जमीन आपल्या पोटात प्रचंड कार्बनही धरून असते. खणली, सुकली की तो हवेत सुटतो. खणलं जाणारं पीट बागकामासाठीही जातं, व्हिस्कीचा वाटा एकूणात छोटा. तरी तो आहे, आणि काही व्हिस्की कंपन्यांनी सुकलेली पीटभूमी पुन्हा ओली करायला पैसे घालायला सुरुवात केली आहे. धूर विकायचा असेल तर तो देणारी जमीन जगायला हवी, हा साधा हिशेब.

तेव्हा पुढच्या वेळी अशी बाटली समोर आली, तर ‘पटियाला’ भरू नका. ज्यांनी हे सुरू केलं त्यांच्याकडे जळण मोजकं होतं आणि पिंपं उसनी. त्यांच्या काटकसरीने जन्माला आलेली चव आपण उधळपट्टीने का संपवायची? छोटा पेग, चमचाभर पाणी आणि गप्पा मारायला चार माणसं, एवढं पुरे. आणि घरी परत जाताना गाडी ड्रायव्हरची, स्वतःची नाही.

चीअर्स!